एच-इंडेक्स ४१ की ९? प्राध्यापकांचे आकडे वाचायचे कसे

दर सप्टेंबरमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक तरी बॅनर येतोच. निळा बॅकग्राउंड, मध्ये सूट घातलेल्या सरांचा फोटो आणि वर लिहिलेलं, ‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड, हार्दिक अभिनंदन!’ खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

या वेळी बॅनर टाकला माझ्या मामेबहिणीने. तिचं एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएससी झालंय, पेट पास झालीये आणि आता पीएचडीसाठी गाईड निवडायचा आहे. पाठोपाठ मला वेगळा मेसेज आला: “दादा, या सरांचा एच-इंडेक्स ४१ आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या नॅनोमटेरियलवर काम करतात. दुसऱ्या मॅडम भूजलावर काम करतात, पण त्यांचा एच-इंडेक्स फक्त ९. सरांकडेच जाऊ ना?”

गंमत म्हणजे तिच्याच घरात तिसरा आकडा आहे. माझी मामी कॉलेजमध्ये मराठी शिकवते. जात्यावरच्या ओव्यांवर वीस वर्षं काम केलंय तिने. तिचा एच-इंडेक्स २. कॉलेजने यंदा सगळ्या विभागांना एकच फॉर्म दिला, त्यात ‘एच-इंडेक्स’ हा रकाना भरणं सक्तीचं. मामी मला म्हणाली, “अरे, हे ४१ आणि २ एकाच कागदावर बघून मला वाटायला लागलंय की मी काहीच केलं नाही.”

मी संशोधक नाही. डेटा आणि अॅप्सवर लिहिणारा माणूस आहे. पण आकडा कुठून येतो, हे शोधणं हेच आपलं काम. आणि इथे तर एका मुलीच्या पाच वर्षांचा प्रश्न होता. चला, नीट समजून घेऊ.

एच-इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

कोणी पेपर लिहिला आणि दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये त्याचा संदर्भ दिला, की ते झालं एक ‘सायटेशन’. या संदर्भांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. आजचं ‘वेब ऑफ सायन्स’ त्याच कामातून वाढलं. २००४ मध्ये ‘स्कोपस’ आणि ‘गुगल स्कॉलर’ आले, आणि जे लायब्ररीतल्या जाड खंडांमध्ये शोधावं लागायचं ते आपल्या ब्राउझरमध्ये आलं.

२००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक सोपा आकडा सुचवला. समजा एखाद्याचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे २५, १२, ६, ४, ३ आणि १ सायटेशन आहेत. आता वरून मोजत या. चौथ्या पेपरला ४ सायटेशन आहेत, इथपर्यंत जमतं. पाचव्याला ५ लागतील, पण आहेत ३. म्हणून एच-इंडेक्स ४. म्हणजे ‘किमान ४ सायटेशन असलेले ४ पेपर’.

आकडा छोटा, लक्षात राहणारा, एका ओळीत मावणारा. म्हणूनच तो इतका पसरला. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल उघडलं की तो समोरच दिसतो.

पण याच्या जन्मातच एक सूचना होती, ती सगळे विसरले. हिर्श यांनी आपल्या पहिल्याच पेपरमध्ये वेगवेगळ्या विषयांतले आकडे दिले होते. भौतिकशास्त्रात सगळ्यात वर होते एडवर्ड विटेन, एच-इंडेक्स ११०. जीवशास्त्रात सगळ्यात वर सॉलोमन स्नायडर, १९१. याचा अर्थ स्नायडर हे विटेनपेक्षा जवळपास पावणेदोन पट मोठे शास्त्रज्ञ, असा होतो का? अजिबात नाही. जीवशास्त्रात आकडेच मोठे असतात, हे हिर्श यांनी तेव्हाच लिहिलं होतं. पुढे २०२० मध्ये त्यांनी हेही मान्य केलं की या आकड्याचे वाईट परिणाम होऊ शकतात.

कसोटी आणि टी-ट्वेंटी

क्रिकेटमधलं उदाहरण घ्या. राहुल द्रविडचा कसोटीतला स्ट्राइक रेट ४२ च्या आसपास. आज आयपीएलमध्ये या रेटने खेळणाऱ्याला दुसऱ्या मॅचला बसवतील. म्हणून १३,२८८ कसोटी धावा करणारा द्रविड कमी दर्जाचा फलंदाज ठरतो का? तुम्हीच म्हणाल, “अरे, फॉरमॅट वेगळा आहे!” संशोधनातही फॉरमॅट वेगळे असतात. फरक साधारण चार गोष्टींमुळे पडतो.

पहिली गोष्ट, गर्दी. नॅनोमटेरियलवर जगभरात प्रचंड लोक काम करतात आणि एकेका पेपरखाली संदर्भांची लांबलचक यादी देतात. म्हणजे वाटायला सायटेशनच जास्त. गणितात लोक कमी, पेपर कमी, संदर्भांची यादी छोटी. तिथे चांगल्या पेपरलाही वर्षानुवर्षं मोजकी सायटेशन मिळतात.

दुसरी, वेग. औषधशास्त्रातला पेपर वर्षभरात गाजतो किंवा विसरला जातो. इतिहासातलं एखादं पुस्तक तीस वर्षांनीही कोणीतरी पहिल्यांदा उघडतं. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाचा जो आकडा जर्नलसाठी वापरतात, तो मुळात मागच्या दोन वर्षांतल्या पेपरवरून काढतात. हळू चालणाऱ्या विषयांची त्यात पंचाईतच होते.

तिसरी, लेखकांची संख्या. २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक पेपर आला, लेखक ५,१५४! तेहतीस पानांपैकी चोवीस पानं फक्त नावं आणि संस्था. त्या प्रत्येकाच्या खात्यात त्या पेपरची सगळी सायटेशन जमा होतात. मामीच्या लेखावर नाव एकच.

आणि ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांचं काय? १९६४ नंतर त्यांनी दहापेक्षा कमी पेपर लिहिले. आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरीच मिळाली नसती, असं त्यांनी २०१३ मध्ये नोबेल घेण्याच्या सुमारास सांगितलं होतं.

चौथी गोष्ट, पेपरचा प्रकार. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर कोणता? आइनस्टाइनचा नाही. प्रथिनं मोजण्याची एक प्रयोगशाळेतली पद्धत सांगणारा, १९५१ चा लॉरी आणि सहकाऱ्यांचा पेपर, तीन लाखांहून जास्त सायटेशन. कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येकजण संदर्भ देतो. सायटेशनमधून ‘वापर’ कळतो. तो वापर विचाराचा आहे की रेसिपीचा, हे त्यातून कळत नाही.

मामीचा आकडा २ का?

इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. मला वाटायचं मराठी संशोधनाला सायटेशन कमी मिळतात कारण वाचणारे कमी. तेही आहेच. पण स्कोपसमध्ये जर्नल घेण्याच्या अटी वाचल्या, त्यात दोन गोष्टी आहेत. लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, आणि संदर्भांची यादी रोमन लिपीत हवी.

आता विचार करा. एखाद्याने मराठी मासिकात लेख लिहिला, खाली देवनागरीत तळटिपा दिल्या आणि त्यात मामीच्या लेखाचा संदर्भ दिला. तो संदर्भ वाचकाला दिसतो, पण स्कोपसच्या हिशेबात तो घडलेलाच नसतो. शून्य नोंद. गुगल स्कॉलर जरा उदार आहे, त्याला देवनागरी चालते. पण लेख नेटवर असेल तरच. मराठीतली कितीतरी नियतकालिकं अजून फक्त कागदावर आहेत, किंवा स्कॅन करून फोटोसारखी टाकलेली.

रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ घ्या. १९८४ चं पुस्तक, १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार. विठ्ठलावर गंभीरपणे लिहायचं तर हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. २०११ मध्ये अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डकडून आला. म्हणजे इंग्रजी जर्नल मोजणाऱ्या डेटाबेसच्या नजरेत हे काम ठळकपणे यायला सत्तावीस वर्षं लागली. पुस्तक तेच होतं, संशोधन तेच होतं.

भर म्हणून नावांचा घोळ. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ शोधून बघा, डझनभर लोकांचे पेपर एकमेकांत मिसळलेले सापडतील. आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे पेपर दोन नावांत विभागले जातात. मामीचे लग्नाआधीचे तीन लेख तिच्या प्रोफाइलमध्ये नव्हतेच. आम्ही दहा मिनिटांत जोडले. यावर उपाय आहे ‘ऑर्किड’, संशोधकासाठीचा १६ अंकी क्रमांक. फुकट आहे, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तुम्ही संशोधनाकडे जाणार असाल तर पहिला पेपर पाठवायच्या आधी काढून ठेवा.

मग २ टक्क्यांची यादी खोटी आहे का?

नाही. पण बॅनरवर लिहितात तशी ती ‘निवड’ किंवा पुरस्कारही नाही. स्टॅनफोर्डचे प्राध्यापक जॉन इओॅनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या डेटावरून ही यादी काढतात. अर्ज नसतो, समिती नसते. सहा वेगवेगळे आकडे एकत्र करून एक गुण देतात. त्यात एकट्याने लिहिलेले पेपर, पहिला किंवा शेवटचा लेखक असणं, सहलेखकांची संख्या अशा गोष्टी धरलेल्या असतात. शिवाय विषयांचे १७४ उपविभाग करून त्या त्या विभागातले वरचे २ टक्के बघतात. म्हणजे निदान कसोटीवाला कसोटीत आणि टी-ट्वेंटीवाला टी-ट्वेंटीत मोजला जातो. नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा हे बरंच बरं.

पण बॅनरवर दोन गोष्टी सहसा नसतात. एक, याद्या दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. दोन्हींत फार फरक आहे. दोन, त्याच फाइलमध्ये स्वतःच स्वतःला दिलेल्या संदर्भांची टक्केवारी असते, आणि २०२४ पासून मागे घेतलेल्या म्हणजे रिट्रॅक्ट झालेल्या पेपरची माहितीही असते. फाइल सगळ्यांसाठी खुली आहे. बॅनर बघून टाळ्या वाजवायच्या आधी ते दोन कॉलम बघता येतात.

आकडे फुगवतात कसे?

२०२४ मध्ये दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर १२ बनावट पेपर तयार केले, त्यांना संदर्भ देणारे आणखी बनावट पेपर तयार केले आणि नेटवर टाकले. थोड्याच दिवसांत गुगल स्कॉलरवर लॅरीच्या नावावर १३२ सायटेशन! नंतर गुगलने ती काढून टाकली. पण मुद्दा सिद्ध झाला होता: सायटेशन विकणारे धंदे हीच युक्ती माणसांसाठी वापरतात.

इथेही विषय महत्त्वाचा ठरतो. ज्या विषयात मुळातच सायटेशन कमी, तिथे थोडीशी लबाडी पुरते. गणितात हेच झालं. गणिताची फारशी परंपरा नसलेल्या काही संस्थांमधले लोक अचानक ‘सर्वाधिक सायटेशन’च्या यादीत चमकू लागले. शेवटी ती यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये गणित हा विषयच यादीतून वगळला. थोड्या लोकांच्या हातचलाखीमुळे खऱ्या गणितज्ञांचीही नावं गेली.

आपल्याकडचे नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पेपरसाठी गुण आहेत. विज्ञानात एका पेपरला ८, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. म्हणजे विषयांत फरक असतो, हे नियम मान्य करतात. पण पुढे जादा गुण इम्पॅक्ट फॅक्टरवर. १० च्या वर असेल तर ३०, आणि ही पट्टी सगळ्यांना एकच. गणितातलं अत्यंत मानाचं जर्नल ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर १० च्या बराच खाली असतो. म्हणजे जगातल्या सर्वोच्च जर्नलमध्ये छापूनही गणितज्ञाला वरचे गुण मिळणारच नाहीत!

गुणांसाठी पेपर हवा म्हटल्यावर पेपर छापून देणारी दुकानं उघडली. आयोगाच्या मान्यताप्राप्त जर्नलच्या यादीतल्या एका भागाची पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तपासणी केली, ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या, कुठल्याही मोठ्या डेटाबेसमध्ये नसलेल्या जर्नलपैकी ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष होता. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता कोणतं जर्नल चांगलं हे ठरवायची जबाबदारी विद्यापीठांवर आहे.

पीएचडी करणाऱ्यांसाठी एक बदल लक्षात ठेवा: २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती गेली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती आधी विचारा. आणि एनआयआरएफच्या २०२५ च्या क्रमवारीत रिट्रॅक्ट झालेल्या पेपरसाठी संस्थांचे गुण कापायला सुरुवात झाली. ही चांगली सुरुवात आहे, कारण पहिल्यांदाच जास्त छापण्यापेक्षा नीट छापण्याचा विचार झाला.

जगात यावर बोलणं आधीच सुरू आहे. २०१२ च्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने सांगितलं की माणसाचं काम जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका. २०१५ च्या ‘लायडन जाहीरनाम्या’त दहा तत्त्वं आहेत. त्यातली दोन मामीच्या फॉर्मला थेट लागू पडतात: विषयानुसार फरक धरा आणि स्थानिक भाषेतल्या चांगल्या संशोधनाला संरक्षण द्या.

एकाच पट्टीवर आणायचा मार्ग आहे का?

काही प्रमाणात आहे. पद्धत अशी: तुमच्या पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरशी करायची. समजा एका विषयात सरासरी २० सायटेशन मिळतात आणि तुमच्या पेपरला २० मिळाली, तर गुण १. दुसऱ्या विषयात सरासरी ३ आणि पेपरला ६, तर गुण २. वीसवाल्यापेक्षा सहावाला पुढे! स्कोपसमध्ये याला ‘फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट’ म्हणतात.

पण हेही औषध सगळ्यांना लागू नाही. पेपर डेटाबेसमध्येच नसेल तर त्याला कशाने भागणार? शिवाय मोजके पेपर असतील तर एका गाजलेल्या पेपरने सरासरी कुठल्या कुठे जाते.

मोबाइलवर दहा मिनिटांत काय तपासाल?

बहिणीला मी हेच करायला सांगितलं. गाईड निवडणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

१. गुगल स्कॉलरवर एकूण एच-इंडेक्सच्या शेजारचा अलीकडच्या वर्षांचा रकाना बघा. काम चालू आहे की जुन्या पुण्याईवर चाललंय, ते कळतं.

२. त्याच उपविषयातल्या, साधारण त्याच वयाच्या चार-पाच जणांची प्रोफाइल उघडा. तुलना फक्त त्यांच्याशी करा, आणि एकाच डेटाबेसमध्ये. गुगलचा आकडा बहुतेक वेळा स्कोपसपेक्षा मोठा असतो.

३. सगळ्यात गाजलेले तीन पेपर बघा. लेखक किती? गाईडचं नाव कुठे? गणितात नावं अक्षरानुक्रमे असतात, त्यामुळे तिथे क्रमावर जाऊ नका.

४. रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या डेटाबेसमध्ये नाव शोधा. एखादा पेपर प्रामाणिक चुकीमुळेही मागे घेतला जातो, म्हणून कारण वाचा.

५. ‘शोधगंगा’वर गाईडचं नाव टाका. त्यांच्या हाताखाली किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले, कशावर, हे तिथे दिसतं. हा आकडा कुठल्याच बॅनरवर नसतो आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा हाच आहे.

६. त्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला.

बहिणीने एक संध्याकाळ यात घातली. सरांचं काम खरंच चांगलं निघालं, त्यांच्या विषयात ४१ हा नक्कीच दखल घेण्यासारखा आकडा. मॅडमचा ९ सुद्धा त्यांच्या बरोबरीच्या भूजल अभ्यासकांमध्ये मुळीच कमी नव्हता. शोधगंगावर मॅडमच्या हाताखालचे चार प्रबंध सापडले, चारही दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरींवर. तिने त्यातल्या एकीला फोन केला, तासभर बोलली. मग मला मेसेज आला: “दादा, मला लॅबमध्ये बसायचंच नाहीये, मला विहिरी मोजायच्यात. हे आधी का नाही सुचलं?”

ती मॅडमकडे गेली. सरांकडे जाणारा कोणी चुकला असं मी म्हणणार नाही, त्याला वेगळं काही शिकायचं असेल.

आणि मामी? तिने फॉर्मच्या रकान्यात खरा आकडा लिहिला, २. सोबत एक पान जोडलं: कोणत्या पुस्तकांत, कोणत्या प्रबंधांत आपल्या लेखांचा देवनागरीत संदर्भ आलाय, पान क्रमांकासह. सतरा नोंदी निघाल्या. कॉलेज ते पान वाचेल की नाही, माहीत नाही. पण त्या यादीसाठी जुनी मासिकं चाळताना मामी सांगत होती, “हा बघ, याने माझी ओवी कुठपर्यंत नेलीये!” फॉर्म हातात आल्यापासून तिला इतकं खुशीत मी पहिल्यांदाच बघत होतो.